अजून चिमूटभर मीठ

नाही, ते पाकीट आधी खाली ठेवा, बसा, आणि मला एक सांगा ताई — माणसानं भरवसा ठेवायचा तरी कुणावर? स्वतःच्या जिभेवर, की दुसरा सांगतो त्यावर? तुम्ही खाणावळ चालवता, सकाळपासून माणसं चहाला येतात तुमच्याकडे, आणि आज त्यातला एक म्हणाला की चहाला साबणाचा वास मारतोय. बरं, आणि तुम्हाला? तुम्हालाही आला? झालं तर मग. नाही नाही, मी कशाला हुंगून बघू — तुम्ही म्हणताय ना, मग येतच असणार. बदलून देतो. चहा घेता? नको? हो, आता माझ्याकडचा चहा कसा घ्याल म्हणा.

एक काळ होता — हसू नका — दलाल जिन्यात असायचा आणि मी गादीवरून ओरडायचो, अरे, तुझं पोतं कांद्याच्या गाडीतून आलंय, वर आणूच नकोस. शाळा चौथीत सुटली, चहा मला कुणी शिकवला नाही, मालकाच्या काट्याशी उभं राहून उष्ट्या कपांतला घोट घोट घेत शिकलो. तेव्हापासून आमच्या घरात एक खोड पडलीय, तुम्हाला गंमत वाटेल — स्वयंपाक करताना कुणी चव घेत नाही! आधी ही, मग लेक, आता सूनबाई, सगळ्या चमचा भरून माझ्यापुढे आणतात. मी सांगायचं, त्यांनी घालायचं. माझंही डोकं फिरलेलं, कोण आपल्याआधी चाखतंय म्हटलं की राग यायचा. म्हणजे बघा, एका जिभेवर अख्खं घर जेवतंय, आणि अख्खं दुकान.

तर काल सत्तर पूर्ण झाली मला. मी म्हटलं होतं, काही करू नका, वय काय मिरवायचंय. पण लेक आली सासरहून, दोघी नणंदा-भावजया सकाळपासून स्वयंपाकघरात, खमंग वास सुटला होता — असं शेजारचे म्हणाले. शेजारचेच म्हणाले, हो. आता बोलून गेलोच आहे तर ऐका. थंडीत मला तो ताप आला नव्हता का? तुम्ही संत्री घेऊन आला होतात. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला, आणि चवही. मला वाटलं येईल परत. अजून वाटतं, रोज सकाळी वाटतं, डबा उघडतो, नाक आत घालतो — काही नाही. नुसती गार हवा.

नाही, कुणाला नाही सांगितलं. काय सांगू? चहाच्या व्यापाऱ्याला वास येत नाही? पण मी काही कच्चा नाही हो, समोरच्याचा चेहरा वाचतो. कप पुढे आला की आणणाऱ्याकडे बघायचं, तो धास्तावलेला असेल तर म्हणायचं, जरा करपट आहे. बहुतेक वेळा बरोबर निघतं! आणि सारखं ‘छान, छान’ म्हणून चालत नाही, संशय येतो. अधूनमधून खोट काढावी लागते. तेच नडलं काल. लेक रश्श्याचा चमचा घेऊन आली, चेहरा जरा उतरलेला — मी म्हटलं, मीठ कमी आहे. तिनं घातलं. थोड्या वेळानं सूनबाई आली, तीही तशीच, उन्हानं की कशानं — मी म्हटलं, अजून चिमूटभर. तिनंही घातलं. एकीनं दुसरीला विचारलं नाही, विचारायचं काय, मी सांगितलं होतं ना!

पानं वाढली. मी पहिला घास घेतला, म्हटलं, वा, मीठ कसं बेताचं पडलंय. मग सगळ्यांनी तोंडात घातलं. पाण्याचा तांब्या फिरतोय, भरून येतोय, परत फिरतोय. मुलगा सूनबाईच्या कानाशी लागला, ‘मला ताप येतोय का गं? तोंड बघ कसं झालंय माझं.’ कळलं का ताई? त्याला स्वतःची जीभ खोटी वाटली, माझी नाही. लेकीनं तर दुसऱ्यांदा रस्सा घेतला, बाबांचा वाढदिवस म्हणून. सगळं संपवलं हो त्यांनी. मी आपला आग्रह करतोय, घ्या, घ्या अजून. हात धुताना ही हळूच म्हणाली, ‘अहो, जहर खारट होतं.’ मी म्हटलं, सर्दी झालीय मला. ‘हो का,’ म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता ताटं उचलायला गेली.

थकलोय हो. वयानं नाही, या चेहरे वाचण्यानं. दिवसभर लोकांच्या भुवया बघायच्या.

आणि आता तुमचा हा साबण. कुठून आला ते मला ठाऊक आहे. मुलगा म्हणाला, साबणाचीही एजन्सी घेऊ, जागा कमी आहे, खोकी चहाच्या खोलीत ठेवू का? चहा शेजारचा वास ओढून घेतो, हे त्याला मीच शिकवलंय. म्हणून म्हणाला, ‘बाबा, तुम्ही रोज एकदा आत जाऊन बघत जा, वास लागला तर लगेच हलवतो.’ मी रोज जातो. दारात उभा राहतो, छाती भरून श्वास घेतो, बाहेर येऊन सांगतो, काही नाही रे, ठीक आहे.

मागच्या दाराशी टेम्पो लागलाय ना, त्यात हाच माल चाललाय, गावभरच्या हॉटेलांना. त्याच्या नावानं चाललाय, पाकिटावर आता त्याचं नाव छापतो आम्ही. संध्याकाळी सगळे तुमच्यासारखे पाकीट घेऊन त्याच्यासमोर उभे राहतील, आणि तो त्यांना सांगेल, बाबांनी बघितलंय, तुमच्याच नाकात काहीतरी आहे. भांडेल हो तो माझ्यासाठी.

अरे — अरे थांब, टेम्पो सोडू नकोस! उतरव सगळं. उतरव म्हणतो ना. काय झालं ते मला विचारू नकोस, मला वास येत नाही. थंडीपासून येत नाही. काय बघतोस असा बापाकडे, या ताईंना विचार, यांना येतो.

जा ताई, त्याच्याबरोबर आत जा, एवढं करा माझ्यासाठी. एकेक पाकीट फोडा, हुंगा, बरं ते एका बाजूला, नासलेलं दुसऱ्या बाजूला. आणि हिशोब चोख ठेवा — माझ्याकडे बघून एकही पाकीट बऱ्यात ढकलू नका.