सोडलंय काय, ते देवालाच ठाऊक

...आणि वर आमचे हे म्हणतात, "आठवत नाही ना? मग खा की!" खा की काय, खा की? चातुर्मासाचा नेम आहे तो, सोसायटीची मीटिंग नव्हे, माणसं जमली नाहीत म्हणून रद्द! तुम्हाला सांगते, आषाढी एकादशीला सकाळी न्हाऊन, देव्हाऱ्यातल्या विठोबासमोर डोळे मिटून, हात जोडून, मी चार महिन्यांसाठी माझी एक आवडीची वस्तू सोडली. अगदी मनापासून सोडली. फक्त सोडलं काय, तेच आठवत नाही!

हसा, हसा. शेजारच्या रत्नप्रभाताईही हसल्या. त्यांनी गादी सोडलीय, चटईवर झोपतात, आणि ते अख्ख्या मुलुंडला सांगून झालंय. आमच्याकडे तसं नाही हो. माझी आई मालवणकडची, जन्म भांडुपच्या चाळीत गेला तरी बोली सुटली नाही तिची, ती म्हणायची, "चेडवा, मनातला देवाक सांगूचा, लोकांक न्हय!" म्हणून मी कोणाला म्हणजे कोणाला बोलले नाही. ह्यांना नाही, लेकीला, रुचिराला नाही... फक्त विठोबाला. आणि विठोबा कुठेय? त्याच दिवशी झोपायला गेला! साक्षीदार एकच, आणि तो कार्तिकी एकादशीपर्यंत उठायचा नाही!

मग करणार काय? ज्याच्यावर संशय, ते बंद. आधी वाटलं, चहाच असणार, माझा सगळा जीव त्या आल्याच्या चहात... बंद. मग वाटलं, गूळ असेल. बंद. खोबऱ्याची वडी? बंद! परवा घावण्यांचं पीठ कालवलं, तवा तापला, पहिला डाव ओतणार, तेवढ्यात हात थांबला... अगंबाई, घावणेच तर सोडले नसतील? गॅस बंद केला. हे म्हणाले, "वनमाला, तू वस्तू सोडलीयस का संसार?"

बरं, विसरभोळी नव्हते हो मी! सगळ्या आरत्या पाठ, सगळ्या भाचरांचे वाढदिवस तिथीनं पाठ. बायका भिंतीवरचं कॅलेंडर सोडून मला फोन करायच्या, "वनमालाताई, संकष्टी कधी गं?" आणि आता? पाळी जायला लागली तशी ही तऱ्हा! देवघरात जाते आणि उभी राहते... कशाला आले होते? निरांजन फ्रीजमध्ये आणि लोणी देव्हाऱ्यात! परवा तर झाकणाला झाकण म्हणतात तेच सुचेना, "अगं ते... ते दे ना... पातेल्याची टोपी!" रुचिरा खो खो हसली, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. कारण आई शेवटी शेवटी मला बघून गोड हसायची आणि विचारायची, "बाय, तू खंयची गो?"

पोटच्या पोरीला, हो... तू कुठली म्हणून.

तर तेच मागितलं होतं विठोबाकडे. देवा, माझं डोकं मला परत दे, रुचिराला असं विचारायची वेळ माझ्यावर आणू नकोस. हे कसं लख्ख आठवतंय! फक्त त्याच्या बदल्यात सोडलं काय, तेच आठवत नाही!

शेवटी रुचिरा धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर श्वेता म्हणून आहे, पोरसवदा, पण ऐकून घेते. म्हणाली, "काकू, पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं. ते मेंदूलाही लागतं, इतक्या वर्षांची सवय असते त्याला. म्हणून नावं अडकतात, शब्द सापडत नाहीत. बऱ्याच जणींचं हळूहळू सावरतं." मी पदराचं टोक पिळत विचारलं, "म्हणजे आईसारखं नाही?" म्हणाली, "तसं आत्ता काही दिसत नाही. रक्त तपासू, लक्ष ठेवू. झोप कशी आहे?" झोप? अंगातून अशी वाफ निघते की पंखा पाचावर, हे रजईत कुडकुडतायत आणि मी टक्क जागी! देव झोपलाय आणि मी राखणीला! "झोप मोडली की विसरणं वाढतं, काकू. त्यावर औषध बघू. रोज चाला. आणि उपास जरा कमी, पोटभर खा." पोटभर खा म्हणे! अगं बाळा, खाऊ काय? सोडलं काय, तेच आठवत नाही!

खरं सांगू? गुळाची, वडीची एवढी आठवण येत नाही. आठवण येते ती त्या बाईची. ह्याच घरात राहायची, ह्याच ओट्याशी उभी असायची, एका हातानं फोडणी, दुसऱ्या हातानं डबा, तोंडानं अथर्वशीर्ष, आणि काही म्हणजे काही शोधावं लागायचं नाही तिला. कुठे ठेवली हो मी तिला? फ्रीजमध्येही बघून झालं... पण येईल. डॉक्टर म्हणतेय ना, सावरतं. मी रोज संध्याकाळी चालायला जाते आणि येताना उगाच वर आमच्या खिडकीकडे बघते, आली असली तर दिवा लावला असेल तिनं.

तोवर कार्तिकीची वाट बघायची. विठोबा उठला की आधी पाय धरणार आणि विचारणार, देवा, काय सोडलं होतं रे मी? आता एवढी मोठी झोप काढून उठणार तो, त्याचं तरी काय सांगावं! डोळे चोळत मलाच विचारायचा, "बाय, तू खंयची गो?" विचारू दे. मी म्हणेन, मुलुंडची. बस, देवा, चहा टाकते... चहा सोडलाय का नाही, ते मग दोघं मिळून आठवू!