पोर्टलंडला दहापैकी चार

(आइंडहोवन, डिसेंबर २०२१. रविवारची दुपार. माळ्यावरच्या खोलीचं दार बंद आहे, आत हेमचंद्र. बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर सुनीती.)

सुनीती : ...आणि ते डोनट. भर पावसात पाऊण तास रांगेत उभं राहून घेतलेलं. खाली साखरेचा पाक आणि वर डुकराचं मांस. त्याला मी दोन मार्क दिले होते. तू तीन लिहिलेस.

हेमचंद्र : खोक्याचा गुलाबी रंग बरा आहे म्हणालीस. त्याचा एक.

सुनीती : खोकं खायचं नव्हतं ना पण.

हेमचंद्र : जेवण आणलंयस का? वास येत नाहीये, म्हणून विचारतो.

सुनीती : खिचडी आहे. दाराशी ठेवलीये. मी चार पायऱ्या खाली उतरते, मग उघड. मास्क लाव आधी. त्या टेस्टवर दोन रेघा आल्या त्या तुझ्या. माझी अजून एकच आहे, आणि एकच राहू दे.

हेमचंद्र : घेतली. लावलं दार. ये वर.

सुनीती : कशी झालीये?

हेमचंद्र : चव काहीच लागत नाही.

सुनीती : बरंच झालं. मीठ विसरलेय.

हेमचंद्र : सुनीती, उद्या सकाळी दहाला मला कंपनीला उत्तर द्यायचंय. पोर्टलंडला तीन वर्षांची बदली आहे, काल सांगितलं ना तुला. नऊ दिवस आपण तिथे हिंडलो, परत येऊन तीन दिवस झाले, आणि तू मला डोनटबद्दल सांगतेयस.

सुनीती : मग कशाबद्दल सांगू? जगातल्या सगळ्यात छोट्या बागेबद्दल सांगू? दोन फुटांची बाग, रस्त्याच्या मधोमध, ती बघायला तू मला वाऱ्यात चालवत नेलंस. गेलो तर रस्ता खणलेला. बागच उचलून ठेवलीये कुठेतरी. म्हणजे आपण एक खड्डा बघितला आणि तू त्याचा फोटो काढलास.

हेमचंद्र : ती गंमत आहे त्या शहराची. ते स्वतःला फार गंभीरपणे घेत नाहीत.

सुनीती : घेत नाहीत? 'आम्ही विचित्र आहोत' असं एवढ्या मोठ्या अक्षरांत भिंतीवर रंगवलंय. मी पुण्यात वाढलेय हेमचंद्र. आमच्या आळीत निम्मी माणसं विचित्र होती, कुणी भिंत रंगवायला गेलं नाही.

हेमचंद्र : सायकली तरी आवडायला हव्या होत्या तुला.

सुनीती : त्यांना सायकल म्हणू नकोस. भाजी आणायला निघालाय आणि डोक्याला शिरस्त्राण, अंगात पिवळं जाकीट, पुढे दोन दिवे, मागे तीन. लढाईला निघालेत जणू. आपल्या शेजारची रीट अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एका हातात छत्री, एका हातात कुत्र्याची दोरी, आणि तशी सायकलवरून आल्बर्ट हाइनच्या दुकानातून बटाटे घेऊन येते. ती कुणाला सांगत बसत नाही की आमचं शहर सायकलींचं आहे.

हेमचंद्र : आणि धबधबा? त्याला काय नावं ठेवणार?

सुनीती : धबधब्याला कशाला ठेवू. बिचारा वरून खाली पडतो. पण त्याच्या पुलावर आपण दहा मिनिटं उभे होतो आणि त्यातली नऊ एक बाई कुत्र्याला रेनकोट घालून फोटोसाठी त्याला हसायला सांगत होती. आणि तो बर्फाचा डोंगर. नऊ दिवस तू दाखवलास मला. 'तिकडे आहे, ढगामागे.' माणसं ढगाकडे बोट दाखवून कौतुक करतात. मी म्हटलं असेल बाई. देवाचंही असंच मानतो आपण.

हेमचंद्र : जंगलाला सात दिलेस तू.

सुनीती : दिले.

हेमचंद्र : मग?

सुनीती : जंगलाची काही चूक नाही. झाडांवर हात-हातभर शेवाळ, पायाचा आवाज येत नाही. चांगलं होतं. तुझ्याबरोबर नसते तर आठ दिले असते.

हेमचंद्र : हं.

सुनीती : आपली लेक चारुता सहा वर्षांची होती तेव्हापासून प्रत्येक सहलीचं तू एक्सेल करतोस. आम्ही मार्क द्यायचे, तू सरासरी काढायची. लोक हसतात आपल्याला. मला सवय झालीये. पण तुला वर लॅपटॉप द्यायला मी तो उचलला ना शुक्रवारी, तर पोर्टलंडच्या फाइलला दुसरं पान होतं.

हेमचंद्र : ते... मी बोलणारच होतो.

सुनीती : पहिल्या पानावर डोनट आणि धबधबा. दुसऱ्यावर भाड्याची घरं, बससेवा, भारतीय वाणी किती मैलांवर. आणि माझी सरासरी त्याला जोडलेली. मी थट्टा म्हणून बागेला शून्य दिलं, त्यानं तुझ्या तीन वर्षांचा आकडा खाली आला. आपल्या नवऱ्याची बदली आपण डोनटवर ठरवतोय हे त्या रांगेत कुणी सांगितलं असतं, तर निदान नीट चावून खाल्लं असतं.

हेमचंद्र : तुला आधी सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. मला वाटलं आधी नुसतं बघ. पर्यटक म्हणून. मोकळ्या मनानं.

सुनीती : 'अडचणी' असा एक रकाना होता. पहिल्याच ओळीत मी होते. 'सुनीतीचं दुकान.' समोर 'उपाय : करार मार्चमध्ये संपतो.'

हेमचंद्र : मी चुकलो.

सुनीती : या देशातली माणसं ताडमाड आणि बाजारातल्या पँटी सगळ्यांना आखूड. त्या उसवून बोटभर खाली सोडायच्या, एवढंच मी करते. कुणाकडे शिकले नाही. पण इकडे वूनसेल भागात लोक सोमवारी दार उघडायच्या आधी पिशवी घेऊन उभे असतात. करार संपला की ते संपत नाही.

हेमचंद्र : मग मी नाही म्हणून कळवतो. संपलं. बायकोला शहर पसंत नाही, असं सांगतो.

सुनीती : हे बघ, हे मात्र चालणार नाही. माझं नाव पुढे करायचं नाही. तुझ्या त्या कामासाठी एकदा केलंयस, पुरे.

हेमचंद्र : कधी?

सुनीती : तुमच्या तिथल्या ऑफिसातल्या स्वप्निलकडे जेवायला गेलो होतो ना, पाचव्या दिवशी. तू त्याच्या मुलांना पत्ते शिकवत होतास. तो भांडी विसळता विसळता मला म्हणाला, 'वहिनी, तुमचं कौतुक आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये दादांनी इथली मुदत वाढवून मागितली तेव्हा म्हणाले, घरून पाठिंबा आहे.' खूप सरळ मुलगा आहे. त्याला वाटलं मला माहीतच आहे.

हेमचंद्र : स्वप्निलनं सांगितलं तर.

सुनीती : खिचडी खातोयस का ऐकतोयस?

हेमचंद्र : ऐकतोय.

सुनीती : दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तू तीन आठवड्यांसाठी तिथे गेलास. मार्चमध्ये इथे आपला सगळा ब्राबंट प्रांत आजारी पडला, त्यात मी. हाउसआर्ट्सला, आपल्या घरच्या डॉक्टरला, फोन केला की ती डॉक्टरीण सांगायची, पॅरासिटामॉल घ्या, ओठ निळे पडले तर परत फोन करा. आरशात ओठ बघत बसायचे. रीट रोज सूप दाराशी ठेवून घंटी वाजवून पळायची. तेव्हा तू येऊ शकत नव्हतास, ते खरं होतं?

हेमचंद्र : ते खरं होतं. कारखान्यातलं मशीन अर्धं उघडलेलं होतं, दुसरा माणूस येऊ शकत नव्हता. मी रोज रडायचो.

सुनीती : माहितीये. फोनवर ऐकू यायचं. आणि जूनमध्ये?

हेमचंद्र : जूनमध्ये येऊ शकलो असतो. त्यांनी विचारलं होतं, जायचंय का.

सुनीती : ऑक्टोबरमध्ये आलास. मला सांगितलंस, कंपनी सोडत नाही.

हेमचंद्र : कुणी नव्हतं गं तिथे दुसरं. तसं काही मनात आणू नकोस.

सुनीती : आणलं नाही. तुझा स्वभाव बघता ती बाई सरासरीतच गेली असती.

हेमचंद्र : दर शनिवारी गाडी काढायचो आणि त्या जंगलात जायचो. शहरात दुकानांना फळ्या ठोकलेल्या, कडेला तंबू, आणि तरी पुलावर एक म्हातारा एकचाकीवर बसून बासरी वाजवायचा. समोर कुणी नसताना. मी पन्नास वर्षांचा झालो होतो आणि पहिल्यांदाच कुणी माझी वाट बघत नव्हतं. म्हणजे तू बघत होतीस. पण ते तिथे जाणवायचं नाही. मला लाज वाटायची आणि परत शनिवार यायचा.

सुनीती : हे तू आज बोलतोयस.

हेमचंद्र : दार बंद आहे म्हणून जमतंय.

सुनीती : मग मीही सांगते, तू बाहेर यायच्या आत. जूनमध्ये मी बरी झाले होते. जेवणाच्या टेबलावर मशीन मांडलं, मास्क शिवायला. तू नव्हतास म्हणून टेबल मोकळं होतं. कुणाला विचारायचं नव्हतं. ऑगस्टमध्ये दुकानाचा करार केला तो तुला सही झाल्यावर सांगितला.

हेमचंद्र : आठवतंय. मी अभिनंदन म्हणालो होतो.

सुनीती : तू फोन ठेवल्यावर मी एकटीनं श्रीखंड केलं आणि उभ्या उभ्या सगळं खाल्लं. तेव्हा तुझी आठवण आली नाही. दुसऱ्या दिवशी आली. पण म्हणून तुझं माफ झालं असं नाही. मी तुला खोटं सांगितलं नव्हतं.

हेमचंद्र : नाही.

सुनीती : आता नीट सांग. माझे मार्क बाजूला ठेव. तुला जायचंय?

हेमचंद्र : सुनीती, तुझा राग...

सुनीती : राग आहेच. तो पुढची दोन-तीन वर्षं पुरेल. मी वेगळं विचारलं.

हेमचंद्र : हो. जायचंय.

सुनीती : मग उद्या दहाला हो म्हण. तिकीट एकाचंच सांग त्यांना.

हेमचंद्र : आणि तू?

सुनीती : येत जाईन. उन्हाळ्यात, दुकान बंद असतं तेव्हा. तो डोंगर तरी दिसेल.

हेमचंद्र : तुला तर काहीच आवडलं नाही तिथलं.

सुनीती : बघायला येईन, हेमचंद्र. राहायला नाही.