तिसऱ्या ओळीतला सहा

लिसिआते: ते कोणतं वर्ष, ते आधी सांग. मग ठरवू चूक कुणाची.

मानासे: आमच्या पोरीचं, लुपेचं लग्न झालं आणि लग्नाचा केक डुकरांनी खाल्ला, ते वर्ष. मांडवात माणसं बसलेली, केक नाही, तेव्हा पाएआ म्हणाला, जाऊ दे, गाणी म्हणू. अंधार पडेपर्यंत म्हटली. मग तोच म्हणाला, मानासे इथे वावाउला, मी तिकडे हापाईच्या बेटावर, लिसिआते ऑकलंडला बस हाकतोय. पुन्हा कधी असे बसणार? फोनवर ग्रुप काढू, एकमेकांना आवडती गाणी पाठवू. तिघांचा ग्रुप. तिघांचा, लिसिआते.

लिसिआते: ऐकू येतंय.

मानासे: मग चौथं माणूस कुणी घातलं?

लिसिआते: मी आपल्या बँडमधल्या सेमिसीला घालत होतो. यादीत सेमिसीच्या वरच सेइनी होतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, बोट घसरलं.

कालोलाइने: भावजी, तुम्ही बस चालवताना फोन बघता?

लिसिआते: वहिनी, तुम्ही पण आहात होय तिथे?

कालोलाइने: जाणार कुठे? माझा नवरा आणि त्याचा टुबा मिळून सगळा ओटा अडवून बसलेत. तो पितळेचा ऑक्टोपस अंगावर घेतल्याशिवाय यांना फोनवर बोलता येत नाही.

मानासे: तू तारोचे कंद सोल. हां, तर बोट घसरलं. आणि घसरलं कुणावर, तर पाएआच्या थोरल्या बहिणीवर. पाएआ माझा चुलत भाऊ, म्हणजे त्या माझ्याही ताईच. सेइनीताई घरात असताना टीव्हीवर कुणी कुणाचा हात धरला तरी मी उठून डुकरांकडे जातो. आणि आपल्या ग्रुपवर काय होतं? सगळी प्रेमाची गाणी. मी नेमकं त्याच दिवशी एक पाठवलं होतं.

लिसिआते: ते ‘तुझ्या चटईवर माझी चटई’ वालं.

मानासे: नाव घेऊ नकोस. मी आठ दिवस चर्चच्या मागच्या दाराने गेलो.

कालोलाइने: मी तेव्हाच म्हटलं होतं, त्यांना ग्रुपमधून काढा.

मानासे: ताईला काढायचं? लुपेच्या लग्नात पहिली चटई त्यांच्या पुढ्यात ठेवली. माझ्या घरात काही शुभ होवो, अशुभ होवो, पहिला मान त्यांचा. आणि मी अंगठा दाबून त्यांना दाराबाहेर करू?

लिसिआते: म्हणून तर मी तोडगा काढला ना. बिनशब्दांचं संगीत. इथे रेडिओवर दिवसभर लागतं, जर्मन लोकांचं, रशियन लोकांचं. शब्दच नाहीत तर लाज कशाची? आणि तुला आवडलं की नाही, खरं सांग.

मानासे: आवडलं. ते मोठ्या व्हायोलिनचं एकट्याचं तर फारच. म्हातारा माणूस सभेत बोलायला उठतो, घसा साफ करतो, आणि मग शेवटपर्यंत घसाच साफ करत राहतो, तसं वाटतं. मी ते टुब्यावर बसवलं.

कालोलाइने: आणि बसवलं कधी, तर डुकरांना खोबरं घालायच्या वेळी. आता कुणीही टुबा फुंकला की गावातली सगळी डुकरं आमच्या दारात. परवा बँड राजवाड्याच्या पाहुण्यांपुढे वाजवत होता, तर पाहुणे मागे आणि डुकरं पुढे.

लिसिआते: शब्दवालं एकच पाठवलं मी. ती इटालियन बाई.

मानासे: त्या बाईचं नाव काढू नकोस.

लिसिआते: इतकी रडत होती बिचारी, मला वाटलं देवाची करुणा भाकतेय.

मानासे: मलाही तेच वाटलं. म्हणून तर रविवारी प्रार्थनेआधी चर्चच्या भोंग्यावर लावलं. बंदरात त्या शिडाच्या होडीवाल्या गोऱ्यांपैकी एक इटालियन होता. तो धावत टेकडी चढून आला, हसून हसून त्याला बोलता येईना. मग सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणे ती बाई तिच्या मित्राला सांगतेय, नवरा बाहेर गेलाय, खिडकीतून वर ये.

कालोलाइने: आणि पहिल्या बाकावर डोळे मिटून डोलत होत्या गायनमंडळाच्या सगळ्या म्हाताऱ्या.

मानासे: पुरे. हसायला फोन नाही केला मी. पाएआचं बोलू.

लिसिआते: बोल.

मानासे: तो आता उठत नाही. हॉस्पिटलवाल्यांनी घरी पाठवलाय. परवा पाद्रीसाहेब त्या बेटावरून बोटीने आले. मला बाजूला घेतलं आणि आभाळाकडे बघत निरोप सांगितला. म्हणाले, पाएआला त्याचं स्वतःचं गाणं ऐकायचंय. तुम्हा दोघांच्या आवाजात.

लिसिआते: भिजल्या केसांचं?

मानासे: भिजल्या केसांचं.

लिसिआते: लाविनियासाठी केलेलं.

कालोलाइने: बायको वारून वीस वर्षं झाली, अजून तेच मागतोय. यांनी माझ्यासाठी आजवर एक ओळ केलेली नाही.

मानासे: तुझे केस मी कधी भिजलेले बघितलेच नाहीत. तू छत्री घेऊन जन्मलीस.

लिसिआते: मग म्हणून पाठवू की. पहिल्या कडव्यात फक्त केसच भिजतात.

मानासे: आणि दुसऱ्यात?

लिसिआते: दुसऱ्यात पाऊस थांबत नाही, हे खरं आहे.

मानासे: आणि तिथे फोन एकच, ताईंचा. पाएआचा फोन गेल्या नाताळात जमिनीतल्या भट्टीत पडला, तारोबरोबर पानात गुंडाळून भाजून निघाला. आता ताई त्यांचा फोन त्याच्या खिडकीत ठेवतात आणि स्वतः बाहेर चटईवर विणत बसतात. आपण जे पाठवू ते आधी त्यांच्या कानावर. त्यांच्या समोर ते गाणं वाजलं तर पाएआ आजाराने नाही, लाजेने जाईल.

लिसिआते: म्हणून तू काल ते आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवलास.

मानासे: हां. आपल्या गायनवर्गाचे आकडे. शब्द नाहीत, आवाज नाही, नुसते आकडे. पाएआ वाचेल आणि मनात ऐकेल. ताई बघतील तर त्यांना वाटेल एखादं भजन असेल. आपल्याकडे सुरांना नावं नसून आकडे का, माहीत आहे ना? आजोबा सांगायचे, पहिल्या पाद्रीबाबाने त्याच्या देशातले सूर शिकवले. पहिले दोन सूर आपल्या लोकांनी जोडून म्हटले, तर असा शब्द झाला की वर्गातल्या सगळ्या बहिणी माना खाली घालून बाहेर. बिचाऱ्याने सगळं पुसून आकडे लिहिले. म्हणजे आपलं संगीतच मुळात बहिणींना सांभाळून लिहिलेलं आहे.

लिसिआते: हे मला कुणी सांगितलं नाही.

मानासे: तू बँडमध्ये ढोल वाजवायचास. ढोलाला कोण आकडे शिकवतो?

लिसिआते: म्हणूनच झालं ते. पहिली ओळ, सात-सात-आठ-सात आणि पुढे. मला वाटलं पाएआने नवा फोन घेतला, हा त्याचा नंबर.

मानासे: तू फोन लावलास? गाण्याला?

लिसिआते: देशाचा आकडा लावून लावला. लागला. एक बाई बोलली, बेकरी, किती पाव?

कालोलाइने: अगं बाई.

लिसिआते: मी गडबडलो. गप्प राहणं बरं दिसेना. म्हटलं, आठ. तिने नाव विचारलं, तर मी पाएआचं सांगितलं. ती म्हणाली, कुठला पाएआ, हापाईचा? तो तर माझ्या सासऱ्यांचा मावसभाऊ. आजच्या बोटीने पाठवते.

मानासे: माझ्या मित्राला मरताना गाणं हवंय आणि तू त्याला आठ पाव पाठवलेस.

लिसिआते: चांगले पाव आहेत म्हणाली. ताजे.

कालोलाइने: अहो, थांबा. तुमच्या फोनवर काहीतरी आलंय. ग्रुपवर. सेइनीताईंचं.

मानासे: मी बघत नाही. तू बघ.

कालोलाइने: लिहिलंय, तिसरी ओळ चुकली आहे. पाच नाही, सहा.

लिसिआते: म्हणजे?

मानासे: म्हणजे त्यांना ते गाणं येतं.

लिसिआते: कसं येईल? पन्नास वर्षांत आपण त्यांच्यासमोर एकदाही म्हटलं नाही. त्या आल्या की थांबायचो.

मानासे: आणि त्या नसतानाही तिसऱ्या ओळीत पाचच म्हणायचो. मी म्हणतो, तसंच आहे ते. पाच.

लिसिआते: आता हे महत्त्वाचं आहे?

मानासे: मला उठायचंय. हा टुबा काढ कुणीतरी माझ्या अंगावरून. मी डुकरांकडे जातो.

कालोलाइने: बसा गुपचूप. तुम्ही भाऊ आहात, मी नाही. मी माझ्या फोनवरून लावते त्यांना. भावजी, तुम्ही फोन ठेवू नका. यांना धरून ठेवा.

लिसिआते: इथून कसा धरू?

कालोलाइने: बोलत राहा.

लिसिआते: मानासे.

मानासे: काय?

लिसिआते: काही नाही. वहिनी म्हणाल्या बोलत राहा.

मानासे: चार वेळा मी पाएआला सांगितलं होतं, ते गाणं भजनाच्या चालीवर नको करूस, पकडले जाऊ. तो म्हणाला, लाविनियाला भजनंच आवडतात. तेव्हा गायनमंडळात सगळ्यांच्या पुढे ताई उभ्या असायच्या. एवढा धीट होता तो. आता म्हणे हातही उचलत नाही.

लिसिआते: माझी बस सुटायला अवकाश आहे. मी आहे.

कालोलाइने: झालं बोलणं.

मानासे: रागावल्या?

कालोलाइने: म्हणाल्या, फोन मी खिडकीत ठेवलाय, आवाज मोठा करून. ओहोटी लागली आहे, मी शिंपले वेचायला खडकावर जाते. दुपारभर परत येणार नाही. मानासेला सांग, पाएआ जागा आहे. आणि फोन ठेवताना म्हणाल्या, सांग मानासेला, आकडे लिहायला मी शिकवलं होतं, तेव्हापासून त्याचा सहा पाचासारखाच दिसतो.

लिसिआते: म्हणजे म्हणायचं? आत्ता?

कालोलाइने: मग काय, शिंपले संपायची वाट बघायची? जोडा फोन. मी पण म्हणणार आहे.

मानासे: तुला येतं?

कालोलाइने: अहो, अख्ख्या वावाउला येतं. लिसिआते भावजी, ढोल?

लिसिआते: बसचं स्टिअरिंग आहे.

मानासे: पाएआ? पाएआ, ऐकू येतंय का रे? तू बोलू नकोस. आम्ही म्हणतो.

(ऑगस्टची अखेर. तेच तिघे, तसाच फोन.)

लिसिआते: कमरेला सुतकाची चटई गुंडाळून बस चालवतोय. परवा एका गोऱ्या आजीने विचारलं, पाठ दुखते का? म्हटलं, हो.

कालोलाइने: ढिली बांधा, भावजी. ब्रेक लागला पाहिजे.

लिसिआते: मला तिकीटच मिळालं नाही वेळेवर. तुम्ही दोघं होतात, बरं झालं. सांगा ना सगळं. गाणं त्याने ऐकलं का नीट? मला नुसता डुकरांचा आवाज येत होता.

मानासे: टुबा वाजल्यावर ती येणारच. निम्मा ओटा भरला. एक तर सुरात होतं.

कालोलाइने: ताई सांगत होत्या, शिंपले घेऊन परत आल्या तर पाएआच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घाबरल्या. मग बघतात तर हसतोय. म्हणाला, डुकरांना दुसरं कडवं पाठ आहे.

लिसिआते: आणि पाव?

कालोलाइने: पोचले. त्याने चहात बुडवून दोन तुकडे खाल्ले. बऱ्याच दिवसांत तेवढंच खाल्लं होतं. ताईंनी विचारलं कुणी पाठवले, तर म्हणाला, माझ्या गाण्याने.

लिसिआते: ताई काही बोलल्या? गाण्याबद्दल?

मानासे: माझ्याशी कशा बोलतील? मी मांडवाच्या या टोकाला, त्या त्याच्या उशाशी.

कालोलाइने: माझ्याशी बोलल्या. चटयांच्या घड्या करताना. म्हणाल्या, पाण्यावरून आवाज लांब जातो. मी खडकाच्या पार टोकाला गेले होते. तरी तिसऱ्या ओळीत मानासेने पुन्हा पाचच म्हटला.

लिसिआते: म्हणजे ऐकलं त्यांनी.

कालोलाइने: पन्नास वर्षं ऐकतायत. तुम्ही तिघं ज्या ज्या भिंतीआड म्हणायचात, तिच्या पलीकडे कुणीतरी विणत बसलेलं असायचं ना?

लिसिआते: मानासे, तू काय म्हणतोस?

मानासे: रात्री टुब्यावर वाजवून बघितलं. सहा घातला की ती ओळ वर जाते आणि मग खाली येते. पाच घातला की नुसती बसून राहते. पाएआने सहाच केला असणार. आपणच आळशी.

लिसिआते: ग्रुपवर घालायचं का? गाणं?

मानासे: ताई आहेत ग्रुपवर.

लिसिआते: शब्द नकोत. आकडेच. मी कागदावर लिहून फोटो घालतो, तू सांग. या वेळी फोन लावणार नाही.

मानासे: लिही. सात, सात, आठ, सात. पुढचं तुझ्याकडे आहे ते तसंच घे. तिसऱ्या ओळीत सहा. नीट काढ, पाचासारखा दिसता कामा नये.

लिसिआते: काढला. खाली काही लिहू?

मानासे: लिही, रचना पाएआची. दुरुस्ती सेइनीताईंची.

लिसिआते: लिहिलं. अजून?

मानासे: पाएआ वारला, ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी.