माह्या बीपीच्या भरवशावर

काय सांगू तुम्हाले ताई, लिहून घेता तर ऐका, आमी दोघं आठव्या महिन्यातच आलो, आधी सुधाकर अन् त्याच्यामागून मी, सुधा. बाप कोष्टी, उमरेडहून नागपुराले आलेला, घरात हातमाग होता, अन् सुईण म्हणे लेकरं गंज बारकी हायेत, तर बापानं सूत तोलायच्या तराजूत आमाले ठेवलं, एका पारड्यात तो, दुसऱ्या पारड्यात मी, तर काटा मधातच उभा राहिला म्हणे. दोघं सारखे. माय हे इतक्या येळा सांगे का मले वाटते मले ते आठवते, छपरातून आलेला उजेड, पारडं हळूहळू झुलून राहिलं अन् समोर तो. आठवत कसं असन, पण डोळे मिटले का दिसते, आता त्याले मी काय करू.

कापसात गुंडाळून जगवलं आमाले. मायचे हात दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात, तिले फुरसत कुठं, मग जो जवळ असन त्याच्या कपाळाले मनगट लावे, थंड लागलं का म्हणे चला, दोघं बी ठीक हायेत. बहुतेक मीच जवळ राहो, सुधाकर बाहेर हुंदडत. तिले खरंच वाटे का जुळ्यायचा जीव एकच असते, अन् आमाले बी वाटे, मले तर स्वप्नं बी त्याचीच पडत.

मंग माग गेला, मायबाप गेले, सुधाकर हिंगण्याले कंपनीत लागला, मी साड्यायले फॉल-पिको करते. आमच्या मोहल्ल्यात सरकारी दवाखान्याची आशाताई येते, बीपी मोजते, माह्यं दरवेळी बरोबर, अन् तिकडून याचा फोन, सुधे, मोजलं का वं, मी म्हणो बरोबर आलं गा, तर म्हणे चला, आपलं झालं. कंपनीत दरसाल तपासणी राहे, तर हा तिथल्या डॉक्टरले सांगे, सायब, माही जुळी बहीण हाये, तिचं परवाच मोजलं, अन् तिथून सटके. मी हसो. दुपारी मशीन चालवता चालवता मले वाटे, माही तब्येत थोडी थोडी त्याच्याकडे जाऊन राहिली, अन् ते मले फार गोड वाटे, खरं सांगते.

मंग सकाळी सकाळी त्याचं तोंड सुजू लागलं. लघवीले फेस येते म्हणे, पण उन्हानं येत असन. एक दिवस कंपनीच्या बसमधून उतरता उतरता खाली पडला. मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरीण बाईनं दोनदा बीपी मोजलं, तिले खरं वाटेना इतकं जास्त, अन् रिपोर्ट आले तर म्हणे किडन्या अर्ध्याच्या वर गेल्या. मंग ते विचारते, जन्मताना वजन किती होतं? मी आठव्या महिन्याचं अन् तराजूचं सांगितलं. तर म्हणे, इतक्या बारक्या लेकराच्या किडनीत रक्त गाळायच्या चाळण्याच कमी राहतात, थोड्या चाळण्यायले सारं काम पडते, मंग त्या थकतात.

म्हटलं मॅडम, मी बी तेवढीच होती, एका पोटची, मंग मले काहून काही नाही? तर म्हणे बाईच्या अंगाले पाळी असेपर्यंत आतून थोडा आसरा राहते, पुरुषाले तो नसते, म्हणून असे पुरुष बीपी, किडनी, हृदयाच्या दुखण्यात बरेचदा आधी सापडतात. डॉक्टर लोकायले बी सारं समजलं नाही अजून, म्हणे, पण बहिणीच्या मापावर भाऊ सोडून देता येत नाही. ताई, तिथंच बाकावर बसून मी रडली. इतकी वर्षं मी बरोबर आलं, बरोबर आलं म्हणत राहिली अन् तिकडे तो आतून झिजून राहिला होता.

पण हा तरी कुठं ऐकते! राहिली तेवढी किडनी वाचवायची असन तर रोज गोळी, मीठ कमी, असं बाईनं बजावलं, अन् यानं गोळ्या टीव्हीवरच्या फळीवर ठेवून दिल्या. सूज उतरली का बंद. म्हटलं पोट्ट्या, पन्नाशीले आला, अक्कल कधी येईन? तर म्हणे तुले नाही तर मले कायले? मशीनच चुकली असन. त्याची बायको थकली, मी थकली.

मंग माही पाळी गेली. अंगातून वाफा निघत, बसल्या बसल्या डोळे लागत अन् पाण्यात तरंगल्यासारखं वाटे, जागी हाये का झोपेत समजे ना. डॉक्टरीण बाईकडे गेली, तिनं पट्टा बांधला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं अन् हळूच म्हणे, सुधाबाई, तुमालेही गोळी सुरू करावी लागते. ताई, मी हसली! ते घाबरलीच. तशीच ऑटो करून सुधाकरच्या घरी गेली, चपला बी नीट काढल्या नाही, दारातूनच म्हटलं, मले बी निघालं गा. डोळे भरले त्याचे. मंग उठला, फळीवरच्या गोळ्या काढल्या अन् बायकोले विचारते, हे जेवून घ्याची का उपाशी?

आता रोज सकाळी फोन, घेतली का वं, घेतली का गा. त्याची किडनी गेली तेवढी गेली, ते काही येत नाही, पण मागचा रिपोर्ट होता तिथंच हाये, आमच्यासाठी तेवढं गंज झालं. माही गोळी सुरू हाये, तिनं माह्यं बीपी खाली आलं. परवा सुधाकर आला होता, बाहेरच्या खोलीत चहा पिऊन राहिला अन् आत आशाताई माह्या हाताचा पट्टा सोडता सोडता मोठ्यानं म्हणे, काकू, एकदम बरोबर आलं! म्हटलं हळू बोल वं बाई, त्याले ऐकू जाईन. तुमी बी सारं लिहा ताई, देव तुमचं भलं करो, फक्त हे शेवटचं त्याले वाचून दाखवू नका.