टोळाचा डावा ब्रेक

हॅलो?… हं, बोल गं. हँगरमध्येच आहेस ना? केवढा खणखणाट तो मागे!

काय? टोळाचा डावा ब्रेक?… पेडल पार खाली जातं? मऊ लागतं? मग नळीत हवा शिरलीय, दुसरं काय! तुझे बाबा गेल्यापासून विमान जागचं हललंय कुठे…

नाही, नाही, मिस्त्रींना म्हणावं सिलिंडर-बिलिंडर काही बदलू नका. अगं ऐक ना! ऑइल कुठून भरताय? वरून?… तरीच! खालून भरायचं, चाकापासून. हवेला वरच जायचं असतं, जाऊ द्या तिला. ती लांब चोचीची बुधली घ्या, खिडकीत असेल… हां, तीच. आणि लाल ऑइल हं! गाडीचं घातलंत तर रबरं फुगतील.

मला कसं माहीत म्हणजे? आपल्या गॅरेजमध्ये टोळ बांधला, तेव्हा पेडलवर पाय कोणाचा होता? हे खाली चाकाशी उताणे, मी वर. 'दाब!… धर!… सोड!' शेजाऱ्यांना वाटायचं, आमचं कडाक्याचं भांडण जुंपलंय. एकदा मी आधीच दाबलं, तर लाल पिचकारी थेट यांच्या मिशांवर! हो, हो… हसतेस काय! किती रविवार गेले, पण हवा काही निघेना. मग खालून भरायचं सुचलं.

आता पेडलापाशी वाक. नळीला कुबड दिसतंय?… तिथं लपते हवा. मिस्त्री खालून ऑइल चढवतील, तेव्हा तू स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्यावर टकटक कर.

काय? कुबड काढून पेडलं पुढे सरकवायची?… हो, गिऱ्हाईक उंच आहे, सांगितलंस तू. दुपारी येणार ना?… बरं. विकायचंच ठरलंय, तर सरकवा. मी काय बोलणार…

नाही गं, रडत नाहीये. अगं, ती पेडलं माझ्यासाठी अलीकडे घेतलीत. सगळं बसवून झालं, मी सीटवर बसले, तर पाय अधांतरी! म्हटलं, पाठीला उशी घेते. तर म्हणाले, 'उशी कसली? दोघांनी उडवायचंय.' आणि घेतली वीतभर अलीकडे. नळी उरली, ती वर वाकवली. तेच ते कुबड. जन्मभर ब्रेकची कटकट, स्वतः गुडघे हनुवटीला लावून उडवायचे… पण पेडलं काही हलवली नाहीत.

खूप आठवण येते गं त्यांची.

हं… ऐकतेय. बुडबुडे आले?… टकटक चालू ठेव… थांबले? स्क्रू आवळायला सांग. आता बस सीटवर. दाब… धर… कसं लागतंय?… घट्ट? शाब्बास गं माझी बाय!

थांब, एक मिनिट. पाठ टेकून बसलीयस?… आणि पाय पुरला? उशी न घेता?… पुरणारच. उंची माझ्यावर गेलीय ना तुझी.

काय म्हणालीस?… टोळ विकायला नको?

मला काय विचारतेस, तुला काय वाटतं?… शिकशील? उडवायला?… नक्की? उद्या फिरवशील शब्द!…

मग लाव फोन त्या गिऱ्हाइकाला, बिचारा निघायच्या आत. आणि टोळ बाहेर काढून ठेवा, मी चपला घालतेय… अगं, ब्रेक लागतो का ते धावपट्टीवर बघायला नको? आणि हे बघ, पेडलवर आधी पाय माझा हं!… ठेव आता, ठेव.