भाऊजींची पपई

रोपवाटिकेच्या खिडकीपाशी पपईच्या रोपांसाठी रांग होती. माझ्या पुढच्या माणसाला त्याच्या मेहुण्याने मागून गाठलं.

"भाऊजी, तुम्ही? बाटलीत वाढवलेल्या, जनुक बदललेल्या रोपांच्या रांगेत?"

"सहज बघायला आलोय."

"दोन रिकामे क्रेट घेऊन?"

"तुला बोलायला काय जातंय. विषाणूने अख्खी बाग गेलीय माझी."

"वाईट झालं. पण गेल्या वर्षी तुम्हीच मोर्चा आणून इथली झाडं उपटलीत ना? राक्षसी पपई म्हणून भाषणही ठोकलंत."

"ठोकलं. अभिमान आहे मला."

"असायलाच हवा. फक्त उपटलीत ती साधी झाडं होती, तुलनेसाठी लावलेली."

"काहीतरीच. पानं आकसलेली, पिवळी पडलेली. बदललेलीच होती ती."

"त्यांना रोग लागला होता, भाऊजी. बदललेली पलीकडे टवटवीत उभी होती. दमल्यावर त्यांच्याच सावलीत बसून पाणी प्यालात तुम्ही."

"मग तेव्हा कुणी सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं? भोंगा तुमच्या हातात होता."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"बरं, ताईला काय सांगू? तुमच्या भाषणापासून तिने घरात पपई आणलेली नाही."

"शहाणी आहे ती. तसंच चालू ठेव म्हणावं."

"आणि ही रोपं?"

"ही घरी खायला थोडीच लावतोय? विकायला लावतोय."