साहेबरावांनी विहीर बंद केली

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्या दुष्काळात मुरुडच्या एस.टी.त माझ्या पुढच्या बाकावर साहेबराव आणि त्यांच्या ओळखीच्या नागुबाई बोलत होते.

“दादा, विहीर बंद केली म्हणं तुमी?”

“हाव. सरकारी मानसानं पाणी तपासलं. रंगाच्या कारखान्याची घाण झिरपून राहिली म्हणला.”

“दिसायला तर नितळ हाय.”

“त्येच तर! शहराचे नळ आटले तवा अख्खी पेठ पहिल्यांदा आमच्या बौद्धवाड्यात पाण्याला आली. माझ्या बानं खांदलेली विहीर. लई बरं वाटायचं, बाई.”

“मग बंद केल्यावर?”

“लोक म्हणले, साहेबराव जुनं उट्टं काढून राहिला.”

“अगं माय! मग वो?”

“आमच्या मंडळीनं त्याच विहिरीचे घरात भरून ठेवलेले हंडे रस्त्यावर आणून सगळ्यांदेखत वतले. टँकरचा पत्ता नव्हता.”

“मग पटलं?”

“पटलं. आता इंजिन लावून घाण पाणी उपसून राहिलेत. दर महिन्याला तपासनी हाय. साफ व्हायला टाइम लागंल म्हणतेत.”

“म्हंजे आता पेठेतलं तिकडं कुनी फिरकत नसंल.”

“येतेत की. सांजच्याला कट्ट्यावर बसतेत.”

“पाणी नसताना?”

“हाव. घागर न घेता येतेत.”